ग्रुपवर कुणाचा छळ चाललाय? काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

दहावीची परीक्षा देऊन सुट्टीत माझ्या क्लासला येणारी एक मुलगी फोन कायम पालथा ठेवायची. टेबलावर तो थरथरला की तिचे खांदे वर जायचे, पण ती उचलून बघायची नाही. मी सुरुवातीला लक्ष दिलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी एक्सेलच्या तासाला तो सारखाच वाजायला लागला. शेजारचा मुलगा हसत म्हणाला, "मॅडम, तिला ग्रुपात घेत्यात आणि परत काढत्यात." तेव्हा तिनंच फोन माझ्यापुढं सरकवला.

व्हॉट्सॲपवर बारीक राखाडी अक्षरांत ओळींवर ओळी होत्या. अमक्यानं तुम्हाला जोडलं. अमक्यानं तुम्हाला काढलं. एका संध्याकाळी चौदा वेळा. मधेमधे स्टिकर. शाळेच्या गॅदरिंगमधल्या फोटोतला तिचा चेहरा कापून म्हशीच्या धडावर चिकटवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'गंगावेस दूध कट्टा'. ग्रुपात बत्तीस जण. त्यातल्या एकानंही 'बास करा' असं लिहिलेलं नव्हतं.

याला सायबर बुलिंग म्हणतात. मी ऑनलाइन छळच म्हणते, कारण छळ म्हटलं की आईबापांना लगेच कळतं. मी कोल्हापुरात राजारामपुरीत एमएस-सीआयटी शिकवते, त्यामुळं अशी प्रकरणं वरचेवर समोर येतात, आणि घरच्यांकडून बहुतेक वेळा दोनच गोष्टी होतात. एक तर "कोण हाय त्यो, दाखव, बघतो त्याच्याकडं", नाहीतर "आण इकडं फोन, आजपासून बंद". पहिल्यात भांडण गल्लीत येतं आणि समोरचा घाईघाईनं सगळं डिलीट करतो. दुसऱ्यात पोर पुढच्या वेळी काही सांगत नाही. दोन्हीकडं पुरावा जातो आणि छळ चालूच राहतो. म्हणून पुढचं सगळं क्रमानं लिहिलंय. क्रम तेवढा मोडू नका.

चेष्टा कुठं संपते

आपल्याकडं हे ओळखणं जरा अवघड आहे. कट्ट्यावर एकमेकांची उडवल्याशिवाय चहा गोड लागत नाही, आणि जवळच्या मित्राला शिवी घालूनच हाक मारायची आपली रीत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या फुटबॉल संघांचा सामना झाला की रात्रभर रील फिरतात, हरलेल्या तालमीची पार पिसं काढतात. ती ईर्षा आहे, कोल्हापूरच्या फुटबॉलचा जीव तिच्यात आहे. तिला कुणी छळ म्हणू नये.

पण पेनल्टी चुकलेल्या एकाच पोराचा नंबर कुणीतरी ग्रुपवर टाकला, त्याला रात्री दोन वाजता अनोळखी फोन यायला लागले, त्याच्या बहिणीच्या इन्स्टावर जाऊन लोक घाण लिहायला लागले, तर ती ईर्षा उरली नाही. मी पोरांना एकच प्रश्न विचारायला सांगते: ज्याची चेष्टा चाललीय त्यानं 'थांबा' म्हटलं, तर ती थांबते का? थांबली तर चेष्टा. 'थांबा' म्हटल्यावर जोर चढला, तर छळ. त्यासोबत आणखी दोन गोष्टी बघा. समोर एकटाच माणूस आहे आणि पलीकडं टोळकं आहे का? आणि हे त्याच्यामागं घरापर्यंत, अंथरुणापर्यंत येतंय का? शाळेतला दांडगट पाच वाजता घरी जायचा. फोनमधला जात नाही, ही या प्रकारातली सगळ्यात वाईट गोष्ट.

रूपं पुष्कळ आहेत. तुमच्या नावानं आणि फोटोनं खोटं खातं काढणं. खासगी चॅटचे फोटो काढून पसरवणं. मुद्दाम एकालाच वगळून ग्रुप करणं आणि ते त्याला कळेल अशी व्यवस्था करणं. कॉलेजच्या नावानं चालणारी निनावी 'कन्फेशन' पेजेस, जिथं कुणाच्याही चारित्र्यावर काहीही लिहितात. 'वर्गातली सगळ्यात काळी कोण' असले पोल. गेम खेळताना माइकवरून जातीवरून शिव्या. अलीकडं साध्या फोटोवरून ॲपनं नग्न फोटो तयार करणं. यातला शेवटचा प्रकार घडला असेल तर खाली 'फोटोवरून धमकी असेल तर' या भागात जे लिहिलंय ते आधी वाचा.

हे फक्त मुलांच्याच वाट्याला येतं असं नाही. माझ्याकडं शिकून गेलेल्या एक ताई घरचा कांदा-लसूण मसाला विकतात आणि त्याच्या रील टाकतात. तीन-चार खात्यांवरून रोज त्यांच्या दातांवर कमेंट यायच्या. मसाल्याबद्दल एक शब्द नाही, सगळं दातांवर. त्यांनी दोन महिने तोंडावर पदर धरून व्हिडिओ केले, मग बंदच केले.

घरात लक्षणं काय दिसतात? फोन आला की चेहरा उतरतो, आवडीचं खाणं तसंच राहतं, शाळेच्या वेळेला पोट दुखतं, खातं अचानक बंद केलं जातं, नाहीतर फोन रात्रभर उशीखाली असतो. यानं काही सिद्ध होत नाही, वयात येणारं पोर असंही वागतं. पण दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर विचारा.

पहिली पाच मिनिटं

पोरानं सांगितलं तर तुमचं पहिलं वाक्य असं असू दे: "तुझा फोन मी काढून घेणार नाही." हे पहिल्यांदाच म्हणा. पोरं गप्प बसतात त्याचं सगळ्यात मोठं कारण हीच भीती असते. मार खाल्लेला चालतो, पण फोन गेला तर मित्रही गेले, असं त्यांना वाटतं.

दुसरं, "तू फोटो टाकलासच कशाला" हे वाक्य गिळून टाका. फोटो टाकणं हा गुन्हा नाही. तो कापून म्हशीला चिकटवणं ही दुसऱ्याची करणी आहे. मग सावकाश विचारा: कोण, कधीपासून, कुठल्या ॲपवर, आणि आणखी कुणाला माहीत आहे. पोर बोलत असताना फोन हिसकावून वाचायला लागू नका, त्यालाच दाखवू दे. आणि त्याच्यासमोर कुणाला फोन लावून "अहो, तुमचा पोरगा काय करतोय बघा" सुरू करू नका. तो फोन करायचाच असेल तर पुढचं काम झाल्यावर करा.

पुरावा, आणि तो ब्लॉक करण्याआधी

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

रागाच्या भरात माणूस ब्लॉक करतो, ग्रुपमधून बाहेर पडतो, चॅट उडवतो. मन हलकं होतं, पण हातात काही राहत नाही. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करून ब्लॉक करताना चॅट डिलीट करायचा पर्यायही समोर येतो, त्यावर टिक असेल तर सगळं गेलं. म्हणून आधी स्क्रीनशॉट.

स्क्रीनशॉट घेताना नाव पुरत नाही. तुमच्या फोनमध्ये 'पप्या' म्हणून सेव्ह असेल तर स्क्रीनवर 'पप्या' दिसेल आणि पोलीस विचारतील, पप्या कोण? त्याच्या नावावर दाबा, आत नंबर दिसतो, त्याचा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. मेसेजची तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, म्हणून वर सरकवत तारखेच्या पट्टीपर्यंत जा. ग्रुप असेल तर ग्रुपचं नाव, ॲडमिन कोण, सदस्यांची यादी, हे घ्या. आणि त्या राखाडी ओळी, कुणी जोडलं आणि कुणी काढलं, त्याही घ्या. आमच्या त्या मुलीच्या प्रकरणात त्याच कामी आल्या. स्टिकर 'कुणीतरी पाठवलं' म्हणून पोरं हात झटकत होती, पण चौदाही वेळा जोडणारा नंबर एकच होता.

नंतर व्हॉट्सॲपमधून ते चॅट एक्स्पोर्ट करा आणि स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा. मजकूर तारीखवार फाइलमध्ये येतो.

इन्स्टाग्रामवर दिसणारं नाव आणि युजरनेम वेगळं असतं, आणि दोन्ही बदलता येतात. म्हणून प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. प्रोफाइलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'या खात्याविषयी' असं सापडतं. तिथं खातं कोणत्या महिन्यात उघडलं ते कळतं. कालपरवा उघडलेलं खातं आणि तुमच्याच पोराचा फोटो, एवढ्यावर खूप काही समजतं. एकदाच दिसून नाहीसा होणारा फोटो किंवा मेसेज असेल तर स्क्रीनशॉट घेतल्याचं पाठवणाऱ्याला कळू शकतं. अशा वेळी दुसऱ्या फोननं स्क्रीनचा फोटो काढा.

एका वहीत तक्ता आखा: तारीख, वेळ, ॲप, कुणी, काय केलं, स्क्रीनशॉट क्रमांक. शब्द जसेच्या तसे लिहा, शिवी असेल तर शिवीच. 'अर्वाच्य बोलला' असं सभ्य करून लिहिलं तर कलम लागताना अडचण येते. जातीवरून बोललं असेल तर तो शब्द वगळूच नका, तिथं ॲट्रॉसिटीचा कायदा लागू होऊ शकतो.

मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते मूळ उपकरणाला धरून असतं.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. मजकूर अठरा वर्षांखालच्या मुलाचा किंवा मुलीचा नग्न किंवा अश्लील फोटो असेल, तर त्याचे स्क्रीनशॉट काढत बसू नका, आणि 'बघा काय केलंय' म्हणून काका-मामांना तर मुळीच पाठवू नका. आयटी कायद्याच्या कलम ६७ ब नुसार असा मजकूर साठवणं आणि पाठवणं हाच गुन्हा आहे. खात्याची लिंक, नंबर आणि वेळ लिहून घ्या आणि फोन आहे तसा पोलिसांकडं न्या.

आणि या सगळ्या काळात उत्तर देऊ नका. एकदाच, स्पष्ट लिहा: 'मला हे मान्य नाही, थांबवा.' त्याचाही स्क्रीनशॉट. नंतर शांत. तुम्ही चार शिव्या दिल्यात तर समोरचा तेवढाच भाग कापून सगळीकडं फिरवेल.

रिपोर्ट आणि ब्लॉक

आता ब्लॉक करा. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केलं की त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडं जातात आणि त्याला कळवलं जात नाही. सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन 'ग्रुप्स' उघडा आणि मला ग्रुपात कोण जोडू शकतं, तिथं 'माझे कॉन्टॅक्ट्स, वगळून' हा पर्याय घेऊन त्या टोळक्यातल्या सगळ्यांवर टिक करा. ही एक सेटिंग माहीत नसल्यानं त्या मुलीला चौदा वेळा ओढलं गेलं. प्रोफाइल फोटो आणि स्टेटसही कॉन्टॅक्ट्सपुरतंच ठेवा.

वर्गातल्याच पोराला ब्लॉक केलं की दुसऱ्या दिवशी तो "मला ब्लॉक करतीस व्हय" म्हणत बाकापाशी येतो. अशा ठिकाणी इन्स्टाग्रामचा 'रिस्ट्रिक्ट' बरा. त्याची कमेंट त्याला स्वतःलाच दिसते, मेसेज बाजूच्या रिक्वेस्टमध्ये पडतात, आणि आपण ऑनलाइन आहोत की नाही हे त्याला कळत नाही.

मसाल्याच्या ताईंसाठी आम्ही 'हिडन वर्ड्स' चालू केलं. त्यात नको असलेले शब्द टाकले की तशा कमेंट लपतात. फक्त एक करा: शब्द देवनागरीत टाकाच, शिवाय रोमन अक्षरांत जितक्या प्रकारे लिहिला जातो तितक्या प्रकारे टाका. आपली माणसं एकच शिवी चार स्पेलिंगनं लिहितात. आमची यादी बेचाळीस शब्दांची झाली. त्या बाईंसमोर बसून तसले बेचाळीस शब्द टाइप करणं दोघींनाही जड गेलं, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी पदर न धरता रील टाकली.

खोटं खातं किंवा खासगी फोटो असेल तर ॲपमध्ये रिपोर्ट करताना 'माझं सोंग घेतलंय' किंवा 'नग्नता' हाच नेमका प्रकार निवडा. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडं अशी तक्रार गेली की तो मजकूर दोन तासांच्या आत काढायला कंपनी बांधील आहे (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तास होती). कंपनीनं दाद दिली नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन अपील करता येतं. २०२३ पासून ही सोय आहे आणि वकील लागत नाही.

शाळा, कॉलेज

छळणारा त्याच शाळेतला असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलं तर "लक्ष घालतो" यापुढं गाडी जात नाही. आमच्या प्रकरणात शाळेनं आधी "शाळेच्या वेळेत झालेलं नाही" असं सांगितलं. लेखी अर्ज गेल्यावर त्याच मुख्याध्यापकांनी चौघांच्या पालकांना बोलावलं. राज्यातल्या शाळांमध्ये मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. अर्जात तिचं नाव घाला.

कॉलेजात वरच्या वर्गातली मुलं ग्रुप करून नवीन मुलांना छळत असतील तर ते रॅगिंगच आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. चंदगड, गडहिंग्लज, शाहूवाडीकडून पहिल्यांदाच शहरात येऊन होस्टेलला राहिलेल्या मुलांनी हा नंबर आजच सेव्ह करावा. त्यांच्या बोलीवरून, कपड्यांवरून जे ग्रुपवर चालतं ते मी बघितलंय, आणि घरी सांगायला ती मुलं सगळ्यात जास्त संकोचतात.

पोलिसांकडं

जीवे मारण्याची धमकी, पाठलाग, पैशाची मागणी, लैंगिक मजकूर, खोटं खातं, पत्ता-नंबर पसरवणं, यातलं काहीही असेल तर शाळेची वाट बघू नका.

कायद्यात 'सायबर बुलिंग' नावाचं वेगळं कलम नाही, म्हणून "बुलिंग झालंय" असं सांगितलं की समोरचा गोंधळतो. काय केलं ते सांगा. दुसऱ्याचं रूप घेऊन फसवणं आयटी कायद्याच्या ६६ ड मध्ये येतं, पासवर्ड किंवा ओळख चोरणं ६६ क मध्ये, संमतीशिवाय खासगी अंगाचा फोटो काढणं किंवा पसरवणं ६६ ई मध्ये. अश्लील मजकुराला ६७ आणि ६७ अ. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, बाईचा ऑनलाइन पाठलाग कलम ७८ मध्ये आहे, धमकी ३५१ मध्ये, खंडणी ३०८ मध्ये. मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला आणि प्रकार लैंगिक असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा. कुणी अजूनही ६६ अ सांगत असेल तर ते कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलंय.

एकमेकांना टोमणे, साधी बदनामी, एवढंच असेल तर ते बहुतेक अदखलपात्र ठरतं, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि ते एनसी, म्हणजे तशी नुसती नोंद करतात. नाराज होऊ नका, तिची प्रत घ्या. पुढं प्रकार वाढला तर आधीपासून चालू होतं याचा तो कागद असतो.

जायचं कुठं? जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी, करवीर, जे जवळ असेल ते. जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणंही आहे. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नाकारता येत नाही, ती शून्य क्रमांकानं नोंदवून पुढं पाठवायची असते. रस्त्यावर, कॉलेजबाहेरही मागं लागत असतील तर निर्भया पथकाला सांगा. मुलगी पॉक्सोमधली असेल तर तिचा जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. हे मागायला संकोचू नका.

ठाण्यात जायचं धाडस होत नसेल तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते: सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथं नाव न देताही तक्रार होते. मात्र निनावी तक्रारीचं पुढं काय झालं ते बघता येत नाही, म्हणून जमत असेल तर नावानिशी करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. मुलांसाठी १०९८, जिवावर बेतलं असेल तर ११२. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. महिला आणि मुलांना उत्पन्न न बघता तिथं मोफत मदत मिळते, हेल्पलाइन १५१००.

उशीर मात्र करू नका. खातं बंद झाल्यावर त्याची नोंदणीची माहिती कंपनीनं १८० दिवस जपायची असते. वर्षभरानं गेलात तर पोलिसांनी मागूनही मिळेल याची खात्री नाही.

तक्रार लिहायला बसलं की हात थांबतो, म्हणून साचा देते:

"मी अमुक, राहणार अमुक. दिनांक अमुकपासून आजपर्यंत माझी मुलगी, वय १५, हिला खालील नंबरवरून व खात्यांवरून त्रास दिला जात आहे. (नंबर व लिंक.) दिनांक अमुक रोजी सायंकाळी ७.१० ते ९.४५ या वेळेत तिला 'अमुक' ग्रुपमध्ये चौदा वेळा जोडून काढण्यात आले व तिच्या फोटोत छेडछाड करून केलेले स्टिकर पाठवण्यात आले. तिने दिनांक अमुक रोजी थांबण्यास सांगितले, तरी प्रकार थांबला नाही. स्क्रीनशॉट क्रमांक १ ते २३ सोबत जोडले आहेत. मूळ फोन आमच्याकडे आहे. कृपया कायदेशीर कारवाई व्हावी व मुलीचे नाव गोपनीय ठेवावे."

दोन प्रती. एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन घरी.

फोटोवरून धमकी असेल तर

"पैसे दे, नाहीतर फोटो घरच्यांना पाठवतो." इथं घाई करा, पण पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही, रक्कम वाढते. चॅट उडवू नका, खातं बंद करू नका, मेसेज वाचून उत्तर देणं थांबवा आणि त्याच दिवशी पोलिसांकडं जा. फोटो खरा आहे की ॲपनं बनवलेला, यानं धमकीचा गुन्हा कमी होत नाही.

फोटो पसरू नये म्हणून दोन मोफत वेबसाइट आहेत. अठरा पूर्ण असतील तर 'स्टॉप एनसीआयआय', त्याखालच्यांसाठी 'टेक इट डाउन'. तुमचा फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, त्याचा एक आकडेरूपी ठसा तेवढा तयार होऊन सहभागी कंपन्यांकडं जातो, आणि तोच फोटो कुणी चढवायला गेलं की पकडता येतो. हे मुलींना समजावून सांगा, कारण 'फोटो थांबवायला परत फोटो पाठवायचा' या भीतीनं त्या ही सोय वापरत नाहीत.

आणि पोरं जमवून त्याच्या घरी जाऊ नका. ७ जून २०२३ रोजी व्हॉट्सॲप स्टेटसवरून शिवाजी चौकात गर्दी जमली, दगडफेक झाली, शहराचं इंटरनेट बंद ठेवावं लागलं. ते प्रकरण वेगळं होतं, पण फोनवरची गोष्ट रस्त्यावर आली की कुणाच्या हातात राहत नाही हे आपण सगळ्यांनी बघितलंय. तुमच्या भावानं कुणाला मारलं तर गुन्हा त्याच्यावर दाखल होईल आणि मुलीची तक्रार बाजूला पडेल.

नंतरचे दिवस

तक्रार झाली तरी पोर लगेच हसायला लागत नाही. तिला एकटीला फोन बघायला लावू नका. रोज ठरलेल्या वेळी घरातलं कुणीतरी सोबत बसून बघा, नवीन काही आलं असेल तर वहीत नोंदवा, आणि फोन बाजूला ठेवून रंकाळ्यावर चक्कर मारून या. झोप, जेवण पंधरा दिवसांत सुधारलं नाही, किंवा 'मी नसलेलीच बरी' असं काही बोलली, तर वाट न बघता डॉक्टरांकडं न्या. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा, पैसे पडत नाहीत.

आपलंच पोरगं त्या ग्रुपात असेल तर

त्या बत्तीस जणांच्या घरीही आईवडील होतेच. ज्याच्या नंबरवरून चौदा वेळा जोडलं गेलं, त्याची आई माझ्याकडं आली तेव्हा रडत होती. पोरगा म्हणाला, "मॅडम, चेष्टा केलती की नुसती." मी त्याला त्या राखाडी ओळी मोठ्यानं वाचायला लावल्या, स्वतःच्या आईसमोर. नवव्या ओळीला त्याचा आवाज बसला.

असा फोन तुमच्या घरी आला तर "माझा पोरगा असं करणारच नाही" म्हणू नका, आणि घाबरून त्याच्या फोनमधलं सगळं उडवूही नका. तक्रार झालेली असताना उडवाउडवी केली तर ती अंगाशी येते. पोलिसांनी बोलावलं तर सोबत जा. अठराखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं चालतं, तिथं सुधारण्यावर भर असतो. माफी मागायची असेल तर आधी समोरच्या घरी विचारा, मुलीची तयारी असेल तरच भेटा, आणि माफी ग्रुपवर टाकून पुन्हा तिचं नाव सगळीकडं करू नका. त्यापेक्षा ग्रुपात ज्यांनी हसण्याची इमोजी टाकली त्यांना एकेकट्याला सांगायला लावा की स्टिकर काढून टाक. आमच्या पोरानं एकतीस जणांना असे मेसेज केले, पोलिसांनी फोन बघून परत दिल्यावर. सगळ्यांनी काढलं असेल असं मी म्हणत नाही.

मुलीच्या घरची फाइल अजून कपाटात आहे, रेशनकार्डाच्या खाली. तेवीस स्क्रीनशॉट, वहीची पानं, शाळेच्या अर्जाची पोच, शिक्का मारलेली प्रत. तिची आई मधे म्हणाली, "आता टाकू का हे? बघवत नाही." मी ठेवायला सांगितलं. मुलगी आता बारावीला आहे, पुढं कॉलेज बदलेल, त्यातलीच एक-दोन पोरं पुन्हा वर्गात येतील. गरज पडली तर सगळं पहिल्यापासून सांगायला लागू नये.